शून्य पॉइंट बारा

मॅकरुबी म्हणजे मॅकसाठी घडवलेली रुबी भाषा. तिची शेवटची आवृत्ती ०.१२. ती २०१२ साली आली आणि गाडं तिथेच अडलं. १.० चा मुहूर्त कधी लागलाच नाही. 'रुबी हळू, मॅकवर कोणाला हवी होती, म्हणून संपली' असं बिनदिक्कत सांगणारे आजही भेटतात. मला ते अजिबात मान्य नाही. मॅकरुबी चालत होती. तिच्या पायाखालची जमीन काढून घेतली गेली, आणि ज्यांच्या मालकीची होती त्यांनीच काढून घेतली.

मॅकवरचा डेस्कटॉप प्रोग्रॅम म्हणजे कोको. खिडक्या, बटणं, तक्ते, मेन्यू, सगळं कोको पुरवतं. ते ऑब्जेक्टिव्ह-सी भाषेत लिहिलेलं आहे आणि ॲपलने नेक्स्ट कंपनी विकत घेतली तेव्हा तिच्याबरोबर आलं. रुबी जपानच्या युकिहिरो मात्सुमोतो यांची, १९९५ मध्ये लोकांसमोर आलेली. वरवर पाहिलं तर दोघींचा काही संबंध नाही. पण दोघींचं आजोळ एकच: स्मॉलटॉक ही भाषा. ऑब्जेक्टला निरोप पाठवायचा, त्याने तो चालू प्रोग्रॅममध्येच ओळखून काम करायचं, ही रीत दोघींनी तिथूनच उचलली. त्यामुळे ही सोयरीक जुळणं अगदी स्वाभाविक होतं.

आधी होती रुबीकोको. हिसाकुनी फुजिमोतो यांनी २००१ मध्ये सुरू केलेली आणि २००७ च्या लेपर्ड या मॅक ओएसच्या आवृत्तीबरोबर थेट मॅकमध्येच आलेली. पण तो पूल होता. या काठावर रुबीचा ऑब्जेक्ट, त्या काठावर कोकोचा, आणि मध्ये सतत भाषांतर. साधी अक्षरांची ओळ पलीकडे द्यायची तरी तिचं रूपांतर. कोकोच्या मेथडची नावं लांबलचक असतात आणि प्रत्येक तुकड्यापुढे एकेक आर्ग्युमेंट येतं. रुबीकोकोत ते सगळे तुकडे अंडरस्कोअरने जोडून एकच आडवंतिडवं नाव करावं लागे. वाचताना डोळे फिरत.

लॉरां सान्सोनेत्ती तेव्हा ॲपलमध्येच कामाला होते. रुबीकोकोवर त्यांनी बराच घाम गाळला होता. त्यांनी पूलच नको असं ठरवलं. २००८ मध्ये मॅकरुबीची पहिली आवृत्ती आली आणि तिच्यात रुबीची स्ट्रिंग ही जन्मतःच कोकोची एनएसम्युटेबलस्ट्रिंग होती. ॲरे आणि हॅशचंही तसंच. भाषांतर नाही, नक्कल नाही, मधला दलाल नाही.

याचा फायदा कसा होता ते जवळून पाहा. खिडकीत नावांची यादी दाखवायची आहे. इंटरफेस बिल्डरमध्ये तक्ता ओढून खिडकीत ठेवला, कंट्रोल दाबून तक्त्यापासून आपल्या क्लासपर्यंत रेघ ओढली आणि डेटासोर्स म्हणून जोडून टाकला. आता तक्ता आपल्या क्लासला दोनच गोष्टी विचारतो: ओळी किती, आणि अमुक रकान्यात, अमुक ओळीत काय दाखवू? पहिल्याचं उत्तर एका ओळीत, यादीचा आकार. दुसऱ्यासाठी मॅकरुबीत मेथड लिहायची ती अशी: 'टेबलव्ह्यू', कंसात तक्ता, मग 'ऑब्जेक्टव्हॅल्यूफॉरटेबलकॉलम' आणि कोलन देऊन रकाना, मग 'रो' आणि कोलन देऊन ओळ. कोकोचं नाव जसंच्या तसं, आणि तरी वाचायला रुबी. त्यासाठी सान्सोनेत्तींनी भाषेच्या व्याकरणालाच हात घातला. शुद्धतावाद्यांनी नाकं मुरडली असतील, पण मला हा निर्णय धाडसाचा आणि योग्य वाटतो. ज्या घरात राहायचं तिथली बोली बोललीच पाहिजे.

जानेवारी २०१० मध्ये ०.५ आली. आतलं इंजिनच नवं, एलएलव्हीएम या कंपायलर-संचावर बांधलेलं. मूळ रुबीत एका वेळी एकच थ्रेड पुढे जाऊ देणारं जे मोठं कुलूप आहे ते काढून टाकलं. प्रोग्रॅम आधीच मशीन कोडमध्ये उतरवून ठेवायचीही सोय झाली, म्हणजे ग्राहकाला सोर्स द्यायला नको. त्रुटी होत्याच. सीमध्ये लिहिलेली जेम, म्हणजे रुबीची तयार पॅकेजं, अनेकदा अडायची, आणि आख्खं फ्रेमवर्क सोबत द्यायचं म्हटलं की ॲप फुगायचं. पण या गोष्टी खपून सुटतात.

जी सुटत नव्हती ती मेमरीची. रुबीला कचरा गोळा करणारं यंत्र, म्हणजे गार्बेज कलेक्टर, लागतंच. मॅकरुबीने स्वतःचं आणलं नाही. ऑब्जेक्टिव्ह-सीसाठी ॲपलने २००७ मध्ये लेपर्डमध्ये दिलेलं होतं, तेच वापरलं. ऑब्जेक्ट एकच ठेवायचे तर कलेक्टरही एकच हवा, हे गणित बरोबर होतं. पण आयफोनवर ॲपलने कलेक्टर कधी आणलाच नाही. २०११ मध्ये एआरसी आलं: कोणता ऑब्जेक्ट किती ठिकाणी वापरात आहे याची मोजदाद कंपायलरच बसवणार, कलेक्टरची गरज नाही. २०१२ च्या माउंटन लायनमध्ये कलेक्टरवर 'यापुढे वापरू नका' असा शिक्का बसला. मे २०१५ पासून मॅक ॲप स्टोअरने तो वापरणारी ॲप घेणं बंद केलं. २०१६ च्या सिएरातून तो हद्दपार झाला.

एआरसी चुकीचं होतं असं मी म्हणत नाही. फोनच्या तुटपुंज्या मेमरीत ते शहाणपणाचंच होतं. माझा राग वेगळ्या ठिकाणी आहे. ॲपलने पगार देऊन एका हाताने मॅकरुबी उभी केली आणि दुसऱ्या हाताने तिची गरजेची वस्तू बंद केली. आणि हे पहिल्यांदा घडलं असंही नाही. जावातून कोको वापरायची सोय २००५ च्या टायगरच्या वेळी अशीच वाऱ्यावर सोडली होती. २०१९ मध्ये कॅटालिनाबरोबर तर सांगूनच टाकलं, की पुढच्या आवृत्त्यांत रुबी, पायथन, पर्ल आपोआप मिळतील हे गृहीत धरू नका.

'पण सोर्स तर खुला होता ना?' होता. कोणीही उचलून पुढे नेऊ शकलं असतं, कागदावर. खुल्या सोर्सच्या नावाने आपण फार लवकर निर्धास्त होतो. वरचं घर सगळ्यांचं आणि पाया एकाच्या सातबाऱ्यावर, तर पाया उखडल्यावर तो सोर्स घेऊन करायचं काय? ऑब्जेक्टिव्ह-सीच्या रनटाइमशी जुळणारा नवा कलेक्टर फावल्या वेळात कोण लिहिणार?

ज्याला लिहिता आलं असतं तो माणूस २०११ मध्ये ॲपल सोडून बाहेर पडला. २०१२ मध्ये सान्सोनेत्तींनी रुबीमोशन आणली, आधी आयफोनसाठी, २०१३ मध्ये मॅकसाठीही. मेमरीची व्यवस्था या वेळी कलेक्टरवर अवलंबून ठेवली नाही. पण ती विकत घ्यायची वस्तू होती, सोर्स बंद. त्यांना दोष द्यावा असं मला वाटत नाही. पोटापाण्याचा प्रश्न होता.

नुकसान कोणाचं झालं? मोठ्या कंपन्यांचं नाही. एकट्याने एखाद्या दवाखान्यासाठी, छापखान्यासाठी एक खिडकी, एक तक्ता आणि दोन बटणं बनवून देणाऱ्याचं झालं. त्याला आज इलेक्ट्रॉन पुढे केलं जातं. चार ओळींच्या यादीसाठी अख्खा क्रोमियम ब्राउझर सोबत न्या! स्विफ्ट शिका म्हणतात. शिकावी, भाषा चांगली आहे आणि २०१५ पासून तिचा सोर्सही खुला आहे. पण तिच्या खिडक्या काढणारं स्विफ्टयूआय बंद आहे. पाया पुन्हा त्याच सातबाऱ्यावर.

आज रुबीतच डेस्कटॉपची खिडकी उघडायची असेल तर लिबयूआय या लायब्ररीवर उभं असलेलं ग्लिमर आहे. तोच प्रोग्रॅम मॅकवर, विंडोजवर, लिनक्सवर चालतो, आणि बटणं त्या त्या मशीनची अस्सल असतात. तिन्हीकडे चालायचं म्हणून कोकोतलं बरंचसं त्यात मिळत नाही. नव्याने लिहायला बसणाऱ्याला मी तरीही तेच घ्यायला सांगेन. आणि हिशेबाचा, नोंदींचा जो खरा कोड आहे तो खिडकीच्या कोडपासून वेगळ्या फाइलींत, साध्या रुबीत ठेवायला सांगेन.