जजसाहेबांची दरखास्त

निफाड तालुक्याने देशाला दोन गोष्टी दिल्या: न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि लासलगावचा कांदा. दोहोंबद्दल सरकारचं धोरण पहिल्यापासून एकच आहे. माल अव्वल हवा, भावाचं मात्र आम्ही बघू, आणि तेही सवडीने.

त्यातल्या त्यात कांद्याचं बरं आहे. ट्रॅक्टर बाजार समितीत लागला की बोली होते, रडायचं की हसायचं ते दुपारपर्यंत कळतं. दिवाणी न्यायाधीशाचा भाव फुटायला आठ वर्षं लागतात. सुधारित वेतन लागू व्हायचं होतं 1 जानेवारी 2016 पासून. त्यासाठीचा दुसरा राष्ट्रीय न्यायिक वेतन आयोग न्या. पी. व्यंकटरामा रेड्डी यांच्या अध्यक्षतेखाली नेमला गेला नोव्हेंबर 2017 मध्ये. अहवाल आला 2020 साली. मूळ पगारावर सर्वोच्च न्यायालयाची मोहोर उमटली जुलै 2022 मध्ये, निवृत्तिवेतनावर मे 2023 मध्ये आणि भत्त्यांवर जानेवारी 2024 मध्ये. त्या भत्त्यांत तीन वर्षांतून एकदा गाऊनसाठी 12,000 रुपये, इतका बारकावा आहे. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने तालुक्याच्या जजसाहेबांच्या शिलाईचा हिशेब केला, कारण दुसरं कोणी तो करायला तयार नव्हतं.

आमच्या ओळखीचे सायखेड्याचे एक तात्या आहेत. जमिनीच्या वाटपाच्या दाव्यापायी त्यांना कोर्टाची पायरी घरच्या उंबऱ्याहून ओळखीची झाली आहे. कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाचं सुरुवातीचं मूळ वेतन 77,840 रुपये आणि जिल्हा न्यायाधीशाचं 1,44,840 रुपये, असं मी त्यांना सांगितलं. तात्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं.

"भाऊ, महिन्याच्या महिन्याला कशाला देता? उक्तं द्या ना! जेवढे निकाल, तेवढे पैसे."

"चालेल तात्या. मग दिवसाला चाळीस निकाल लागतील आणि त्यातला एक तुमचा असेल. तुमच्या भावाच्या बाजूने."

तात्यांनी टोपी परत घातली. महिन्याचा पगार न्याय्य असल्याबद्दल आमचं एकमत झालं.

खरं तर उक्तं काम आजही चालूच आहे, फक्त ते पगाराच्या चिठ्ठीवर दिसत नाही. 2002 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की पाच वर्षांत दर दहा लाख लोकांमागे पन्नास न्यायाधीश करा. पाच वर्षं कधीच सरली. मंजूर पदं धरूनही आज आकडा एकविसाच्या आसपास घुटमळतोय. पन्नासांचं काम एकविसांहूनही कमी जण करतात, म्हणजे सरकारचा निम्म्याहून जास्त पगार वाचतो. ही बचत कुठल्याच अर्थमंत्र्याने अर्थसंकल्पी भाषणात मिरवलेली नाही. राजकारणात इतका विनय दुर्मीळ.

याचा अर्थ न्यायावर खर्च होत नाही असं नाही. सप्टेंबर 2025 मध्ये तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते नाशिक जिल्हा न्यायालयाच्या सात मजली इमारतीचं उद्घाटन झालं. इमारत देखणी आहे, आणि हवीच होती. पण सरकारची अडचण समजून घ्या. इमारतीला कोनशिला बसवता येते, पगाराला बसवता येत नाही.

पगाराचा विषय निघाला की राज्य सरकारं म्हणतात, तिजोरीवर भार पडेल. केंद्राने अर्धा भार उचलावा, असं पहिल्या न्यायिक वेतन आयोगाने, म्हणजे शेट्टी आयोगाने सुचवलं होतं, पण 2002 सालीच ते नामंजूर झालं. मग याच गवईंनी, सरन्यायाधीश होण्याआधी, जानेवारी 2025 मध्ये सुनावणीत सुनावलं की काम न करणाऱ्यांना वाटायला राज्यांकडे पैसा असतो, न्यायाधीशांच्या पगार-पेन्शनची वेळ आली की चणचण आठवते. बोलण्याचा रोख निवडणुकीच्या तोंडावर जाहीर होणाऱ्या बहिणींच्या योजनांकडे होता. चणचणीचा मुद्दा बिनतोड. मात्र दिंडोरीच्या द्राक्षबागेत दिवसभर हात वर करून घड डिपिंग करणाऱ्या बायांना 'काम न करणारे' म्हणजे नेमके कोण, हे तेवढं समजावून सांगावं लागेल. दोघांना एकमेकांच्या पानात वाढलेलं मोजायला लावायचं आणि वाढप्याने मधल्या मधे पंगतीतून सटकायचं, ही हातोटी सरकारचीच.

आता हा वाढपी कोण, तेही पाहा. जिल्हा न्यायालयातल्या कुठल्याही दिवसाचा बोर्ड वाचा. 'महाराष्ट्र शासन, तर्फे जिल्हाधिकारी' हा पक्षकार तिथे हजर असतोच. भूसंपादनाची भरपाई असो की कर्मचाऱ्याची थकबाकी, दावा त्याच्यावर आणि जजसाहेबांचा पगारही त्याच्याच तिजोरीतून. रानडे 1878 साली नाशकात प्रथम वर्ग सबजज्ज होते. वासुदेव बळवंतांच्या बंडाच्या धामधुमीत सरकारला त्यांचा संशय आला आणि त्यांची रवानगी धुळ्याला झाली. तिथे त्यांचं टपालही फोडलं जाई. न्यायाधीशाची धास्ती वाटली की सरकार असंच करायचं. पुढे राज्यघटना आली, बदल्या उच्च न्यायालयाकडे गेल्या, टपाल कोणी पाठवेनासं झालं. सरकारच्या हातात उरला फक्त पगार. तोही सोडा म्हणता?

न्यायाधीश म्हणजे सरकारी नोकर नव्हेत, त्यांची तुलना करायची तर मंत्र्यांशी आणि आमदारांशी करा, असं सर्वोच्च न्यायालयाने 1993 सालीच बजावलंय. चला, करू तुलना. ज्या 2016 पासून न्यायाधीशांचं वेतन सुधारायचं होतं, त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातल्या आमदारांच्या पगारवाढीचं विधेयक चर्चेविना मंजूर झालं. आयोग नाही, अहवाल नाही, हरकती नाहीत. तिजोरीला त्या दिवशी कसलाच भार जाणवला नाही. बहुधा ती जेवायला गेली असावी.

आणि एवढं होऊन न्यायाधीशांच्या हाती काय पडलं? हुकूमनामा. ज्याने उभ्या हयातीत लोकांचे हुकूमनामे लिहिले, तो स्वतःचा हुकूमनामा घेऊन थकबाकीसाठी ताटकळला. पेन्शन आणि थकबाकीच्या आदेशाची अंमलबजावणी होईना, म्हणून ऑगस्ट 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनेक राज्यांच्या मुख्य सचिवांना जातीने बोलावून घेतलं. तात्यांच्या भाषेत, जजसाहेबांनाही हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीसाठी दरखास्त लावावी लागली. भरपाई थकली की बेलिफ जिल्हाधिकाऱ्यांची खुर्ची जप्त करायला जातो, हे आपण पेपरात वाचतोच. जजसाहेबांच्या थकबाकीसाठी कोणाची खुर्ची उचलायची, हा प्रश्न तेवढा मोकळा राहिला.

म्हणून मी एक कलम सुचवतो. आयोग नको, समिती नको. आमदारांचा पगार ज्या दिवशी वाढेल, त्याच दिवशी, तेवढ्याच टक्क्यांनी, त्याच विधेयकात न्यायाधीशांचाही वाढावा. आणि सरकारवर हुकूमनामे झालेल्या सगळ्या दरखास्तींचे पैसे त्याच संध्याकाळी चुकते व्हावेत. सगळं चर्चेविना.

तात्यांनी कलम दोनदा वाचायला लावलं.

"भाऊ, हे पास झालं तर आमदार स्वतःचा पगार वाढवणंच सोडून देतील."

"मग?"

"मग काय! निदान एक दावा तरी माझ्या हयातीत माझ्या बाजूने लागला म्हणेन."