आमचे मत नेणाऱ्या साहेबांना खुले पत्र

साहेब,

सीमाभागातल्या छोट्या व्यापाऱ्यांची मते गोळा करून झाली, असे तुम्ही सांगता. कर्नाटकातल्या उचगावात दुकान चालवणारा मी तुम्हाला विचारतो, कोणाची मते गोळा केलीत?

तुमचा माणूस मंगळवारी भर दुपारी आला. मंगळवार-शुक्रवार म्हणजे मळेकरणी देवीच्या दर्शनाचे वार. आमच्या आठवड्याच्या कमाईचा मोठा भाग या दोन दिवसांचा. ओटी-नारळ विकणाऱ्या मावशींनी गिऱ्हाईक सोडून तुमचे रकाने कधी भरायचे? कागद कन्नड आणि इंग्रजीत. मावशींनी विश्वासाने सही केली आणि 'समाधानी'पुढची खूण तुमच्या माणसाने केली. याला मत घेणे म्हणत नाहीत, मत लाटणे म्हणतात.

कन्नडशी आमचे भांडण नाही. पण राज्यघटनेच्या 350व्या कलमाने राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क दिला आहे. मग प्रश्न मराठीतही विचारायला तुम्हाला कोणी अडवले?

आणि विचारलेत काय? 'कर्ज हवे का? होय की नाही.' आमची खरी अडचण बाची गावाच्या पुढे, राज्याची हद्द ओलांडली की सुरू होते. तिथे शिनोळी, तालुका चंदगड, राज्य महाराष्ट्र. माल विकणाऱ्याला वर्षाला 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत सहसा जीएसटी नोंदणी लागत नाही. पण उचगावातून टेम्पोभर सिमेंट शिनोळीला पोचवले की ती आंतरराज्य विक्री होते आणि पहिल्या रुपयापासून नोंदणी सक्तीची ठरते. जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत ठोक दराने कर भरणाऱ्या दुकानदाराला तर असा माल पाठवताच येत नाही. शेजारच्या गावचे गिऱ्हाईक आम्ही कायद्याच्या भीतीने परत पाठवतो. बेंगळुरूत बसून हा प्रश्न सुचणार नाही. त्यासाठी इथे येऊन ऐकून घ्यावे लागते.

म्हणून पुन्हा या. रात्री दुकाने बंद झाल्यावर ग्रामपंचायतीत बसा. कागद कन्नडबरोबर मराठीतही आणा. आम्ही बोललेले लिहा, वाचून दाखवा, मगच सही घ्या. आणि कोणती मागणी पुढे पाठवली, कोणती गाळली व का गाळली, ते याच गावात येऊन सांगा. तोपर्यंत उचगावच्या नावाने तुमच्या अहवालात एक ओळही लिहू नका.

उचगावचा एक दुकानदार