एका स्वल्पविरामाचा दंड

निवृत्तीनंतर माणसाच्या हाती वेळ येतो, असं ऐकून होतो. माझ्या हाती सोसायटीचं सेक्रेटरीपद आलं. वार्षिक सभेला मी वीस मिनिटं उशिरा पोचलो, एवढाच माझा गुन्हा. तोवर माझी बिनविरोध निवड होऊन चहा सुरू झाला होता.

लोकांचंही चुकलं नाही. साताऱ्याला जिल्हा परिषदेत तेहेतीस वर्षं टिप्पण्या लिहिलेला माणूस कागदाला घाबरणार नाही, असं कुणालाही वाटेल. 'विषयांकित प्रकरणी' म्हणून निघालेलं वाक्य मधे कुठंही पाणी न पिता पानाच्या तळाशी 'अवलोकनार्थ व आदेशार्थ सादर'ला नेऊन पोचवणं, हे काम मी झोपेतही केलं असतं. पण पुण्यातल्या आमच्या इमारतीत बेचाळीस फ्लॅट आहेत आणि त्यांतली निम्मी मंडळी चेन्नई, इंदूर, कोलकात्याकडची. नोटीस इंग्रजीत काढायची, असा ठराव आधीच्या सेक्रेटरींनी करून ठेवला होता आणि मग ते मुलाकडे बंगळुरूला निघून गेले होते.

माझी पहिली नोटीस थकलेल्या मेंटेनन्सची. तासभर खपून लिहिली आणि लिफ्टमध्ये लावली: 'मेंबर्स, हू डू नॉट पे मेंटेनन्स ऑन टाइम, विल बी फाइन्ड.' दोन स्वल्पविराम मी मुद्दाम घातले होते. वाक्य लांब आहे, वाचणाऱ्याला जरा टेकायला जागा असावी, एवढाच विचार. दिसायलाही बरे दिसत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घ्यायला उतरलो, तर दोन्ही स्वल्पविरामांभोवती लाल शाईची वर्तुळं आणि खाली इंग्रजीत प्रश्न: 'म्हणजे आम्ही सगळेच थकबाकीदार?'

मी तीनदा लिफ्टनं वरखाली केलं. चूक दिसेना. बायको म्हणाली, "पुसून टाका की ते दोन ठिपके. एवढं काय त्यात?" पण नोकरीत माझ्या टिप्पणीवर 'चर्चा करा' असा शेरा यायचा, लाल वर्तुळ कधी आलं नव्हतं. त्याच आठवड्यात मी कोपऱ्यावरच्या क्लासमध्ये इंग्रजी लेखनाच्या वर्गाला नाव घातलं.

वर्गात आम्ही चौदा जण. तेरा जणांची वयं मिळून माझ्या वयाच्या चौपट भरली असती, पण एकेकटा माझ्या मुलीहून लहान. सगळी पोरं परदेशी जायच्या परीक्षेची तयारी करणारी. शेजारच्या मुलीनं पहिल्याच दिवशी विचारलं, "काका, तुम्हाला कुठं जायचंय? कॅनडा की ऑस्ट्रेलिया?"

"लिफ्टपर्यंत," मी म्हणालो.

माझं इंग्रजी पाचवीत सुरू झालं. वडिलांनी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला गिरवली होती, माझ्या वाट्याला रेन आणि मार्टिन आले. त्यातला हा रेन म्हणजे १९२४ साली 'बो जेस्ट' ही फ्रेंच फॉरिन लीजनची कादंबरी लिहिणारा पी. सी. रेन, हे मला साठी उलटल्यावर कळलं. वाळवंटात तहानेनं व्याकूळ झालेले शिपाई रंगवणाऱ्या माणसानंच ते व्याकरण रचलं होतं तर. आमची दहावीतली अवस्था त्याच्या चांगल्या ओळखीची असणार.

मॅडमना मी नोटीस दाखवली. त्या हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. म्हणाल्या, "काका, इंग्रजीत अशा दोन स्वल्पविरामांमधला मजकूर उचलून बाजूला ठेवता आला पाहिजे. वाक्याचा अर्थ बदलता कामा नये. उचला बघू."

मी उचलला. खाली उरलं: 'सभासदांना दंड करण्यात येईल.'

बेचाळीसच्या बेचाळीस घरांना मी दंड ठोकला होता. त्यांत माझंही घर होतं, आणि माझा मेंटेनन्स तर वर्षाचा आगाऊ भरलेला.

मग रोज संध्याकाळी साडेसहाला वही घेऊन जायचा परिपाठ सुरू झाला. रोज नवा नियम, आणि त्याच्या मागोमाग लग्नाच्या वऱ्हाडासारखे अपवाद. गंगेला 'द' लागतो, एव्हरेस्टला लागत नाही. हिमालयाला लागतो, कारण इंग्रजीत तो अनेकवचनी. मुंबईला नको, पण मुंबईच्या हायकोर्टाला हवा. अपॉस्ट्रॉफी ही मालकीची खूण, हे मी कसंबसं पाठ केलं, तर 'इट्स' आडवा आला. 'त्याचं' म्हणायचं असेल तर त्यात अपॉस्ट्रॉफी नाही. 'ते आहे' म्हणायचं असेल तर आहे. म्हणजे जमीन कसणाऱ्याची आणि सातबाऱ्यावर नाव भलत्याचं! अर्धविराम तर मॅडमचा फार लाडका. पंधराव्या शतकाच्या अखेरीस व्हेनिसच्या आल्डस मानुटियस या छापखानेवाल्यानं तो चालू केला, असं त्यांनी सांगितलं. पाचशे वर्षं होऊन गेली. मी अजून घाई केलेली नाही.

एका संध्याकाळी यादीतल्या शेवटच्या स्वल्पविरामाचा विषय निघाला. 'अमुक, तमुक, आणि ढमुक' लिहिताना 'आणि'च्या आधी स्वल्पविराम द्यायचा की नाही, यावरून इंग्रजीत दोन घराणी आहेत. मॅडमनी अमेरिकेतल्या मेन राज्याची गोष्ट सांगितली. तिथं ओकहर्स्ट डेअरीच्या दुधाच्या गाड्या चालवणाऱ्यांनी ओव्हरटाइम मागितला. कायद्यात ओव्हरटाइम न मिळणाऱ्या कामांची यादी होती आणि तिच्या शेवटी शब्द होते, 'पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन'. कंपनी म्हणाली, पॅकिंग हे एक काम आणि वितरण हे दुसरं. ड्रायव्हर वितरण करतात, तेव्हा त्यांना ओव्हरटाइम नाही. ड्रायव्हर म्हणाले, 'ऑर'च्या आधी स्वल्पविराम कुठाय? हे एकच काम आहे, पाठवणीसाठी किंवा वितरणासाठी पॅकिंग. आम्ही पॅकिंग करत नाही, गाड्या चालवतो. २०१७ मध्ये अपील कोर्टानं कौल ड्रायव्हरांना दिला आणि पुढच्या वर्षी ५० लाख डॉलरवर तडजोड झाली. निकालानंतर विधिमंडळानं कायद्याची ती यादी अर्धविराम घालून नव्यानं लिहिली.

पोरांनी 'वाव' केलं. मी मात्र वहीच्या मागच्या पानावर वेगळ्याच उद्योगाला लागलो. कारकुनी सवयीनं ते वाक्य मराठीत उतरवून बघितलं. 'पाठवणीसाठी किंवा वितरणासाठी बांधाबांध' हा ड्रायव्हरांचा अर्थ. 'पाठवणीसाठी बांधाबांध किंवा वितरण' हा कंपनीचा. दोन्हींत स्वल्पविराम एकही नाही, आणि घोटाळाही नाही. एक 'साठी' कुणाच्या पदरात आहे, एवढं पाहिलं की निकाल लागला. म्हणजे ५० लाख डॉलरचं काम मराठीत एका शब्दयोगी अव्ययानं फुकटात केलं असतं.

मग मी माझी नोटीस काढली. 'जे सभासद वेळेवर पैसे भरत नाहीत त्यांना दंड होईल.' इथं ठिपके द्या, काढा, उलटे लावा, आगाऊ भरणाऱ्याच्या केसालाही धक्का लागत नाही. 'जे'नं एकदा हात पुढं केला की 'त्यांना'ला तो धरावाच लागतो. सगळ्यांनाच चोर ठरवायचं तर मला वाक्य मोडून 'सभासद पैसे भरत नाहीत, सबब त्यांना दंड' असं लिहावं लागलं असतं. आणि 'सबब' लिहिताना माझा हात मी नक्की ओळखला असता.

त्या रात्री मला वाईच्या आत्याची पत्रं आठवली. पंधरा पैशांच्या कार्डावर आत्या सगळ्या घराची खबर बसवायची. जागा संपली की कार्ड आडवं करून समासात लिहायची. तिचे सगळे पूर्णविराम 'स. न. वि. वि.'मध्येच खर्च होऊन जायचे. पुढचं कार्ड कोरडं. 'सुमीचं जमलं म्हणे मुलगा बँकेतच आहे हुंडा नको म्हणतात बघू या आंबे पाठवलेत पोचले का.' एकही चिन्ह नाही, आणि आम्हा पोरांना कधी काही चुकीचं कळलं नाही. कारण चिन्हं शब्दांतच होती. 'म्हणे' हे तिचं अवतरणचिन्ह, वर थोडी शंका मिसळलेलं. 'बँकेतच'मधला 'च' म्हणजे अधोरेखन. 'का' म्हणजे प्रश्नचिन्ह. आणि 'बघू या' तर अर्धविरामाहून सरस, तिथं आत्या थांबून सगळ्या सोयरिकीकडे एकदा निरखून बघायची.

आपल्या मोडीतही हाच कारभार होता. आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि तिच्याखाली अक्षरं लटकवत जायची. शब्द तोडायचे नाहीत, चिन्हं द्यायची नाहीत. पोथ्यांत मात्र ओवीच्या शेवटी उभी रेघ असायची. तिचं नाव दंड. म्हणजे मुळात आपल्याकडे विरामचिन्ह म्हटलं तर ते हेच. सोसायटीच्या सेक्रेटरीला याहून सोयीचं काय हवं?

बाकीची चिन्हं आपल्याला शिकवली ती मेजर थॉमस कँडी या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानं. मोल्सवर्थच्या कोशाच्या कामात राबलेला हा माणूस पुढं पुण्यातच राहून मराठी क्रमिक पुस्तकं तपासत होता. १८५० साली त्यानं 'विरामचिन्हांची परिभाषा' लिहिली. आपल्या लोकांनी त्या चिन्हांसाठी जी नावं वापरली, ती मला फार आवडतात. स्वल्पविराम, अर्धविराम, पूर्णविराम. एकाचं नाव तर अपूर्णविराम! जणू थांबायचं कबूल करूनही शब्द न पाळणारा.

दुसऱ्या दिवशी हे सगळं संशोधन मी वर्गात मांडलं. जरा ताठ मानेनंच मांडलं. म्हटलं, इंग्रजीची वाक्यं खिळे ठोकून जोडलेल्या खुर्चीसारखी आहेत, खिळा निसटला की बसणारा खाली. आमच्या भाषेत लाकडातच खाचा केलेल्या असतात. मॅडम मान डोलावत होत्या. मला वाटलं, आता टाळ्या पडतील.

तेवढ्यात शेजारची कॅनडावाली उठून फळ्यापाशी गेली आणि तिनं लिहिलं: 'आजी म्हणाली आई आली नाही.'

"काका, कोण आलं नाही?"

"आई," मी म्हणालो.

तिनं दोन ठिकाणी खडू टेकवला. 'आजी, म्हणाली आई, आली नाही.'

आई जाग्यावर परतली आणि आजी गायब झाली. वर्ग खो खो हसला. मी दोन्ही स्वल्पविराम उचलून पाहिले, खाली ठेवून पाहिले. पोरगी बरोबर होती. आमच्या लाकडातही एखादी खाच सैल राहते, आणि तिथं कँडीसाहेबाचा खिळा लागतोच. आत्याची पत्रं आम्हाला कळायची त्याला तिचं व्याकरण जेवढं कारण होतं, तेवढंच हेही होतं की सुमी आमची होती, आंबे आमचे होते, आणि वाचताना आवाज आत्याचाच ऐकू यायचा. लिफ्टमधल्या नोटिशीत माझा आवाज कुणाला ऐकू येणार? निम्म्या घरांनी मला बोलताना ऐकलेलंही नाही. ओळखीच्या माणसाला लिहिताना चिन्हं राहिली तरी चालतं. अनोळख्याला लिहिताना ती घालणं हा शिष्टाचार आहे, दारावरची घंटा वाजवून मग आत जावं तसा.

परीक्षा झाली. मला शंभरात बासष्ट मिळाले. अडतीस गेले त्यांतले निम्मे 'द'नं खाल्ले. कॅनडावालीनं पेढे दिले आणि ती खरंच कॅनडाला गेली. मी ठरल्याप्रमाणे लिफ्टपर्यंत गेलो. नवी नोटीस लावली, दोन्ही स्वल्पविराम काढून, आणि खाली तीच मराठीत, 'जे'चा हात 'त्यांना'च्या हातात देऊन. या वेळी कुणी वर्तुळ काढलं नाही. महिनाअखेर तेरा थकबाकीदारांपैकी बारा जणांनी पैसे भरले.

उरले एक. सातव्या मजल्यावरचे गृहस्थ, निवृत्त ऑडिटर. पाच महिन्यांची बाकी आहे. पूर्वीच्या पावत्यांवर त्यांची सही पाहिली, लाल शाईत आहे. त्यांच्या दंडाची नोटीस काल इंग्रजीत लिहिली, आणि लावण्याआधी मॅडमकडून तपासून घेतली.