जाताना तीन, येताना सहा

सिडनी,
आषाढ (आणि कडाक्याची थंडी)

तीर्थरूप आई-बाबांस,

आई, तुझ्या हुकमाप्रमाणे आपल्या चिनूला पर्थला डिंकाचे लाडू पोचते केले. "एकाच देशात राहता, शनिवारी जाऊन येता येत नाही?" असं तू म्हणालीस, म्हणून गेलो. फक्त एवढंच सांगतो, की सिडनी ते पर्थ हे अंतर विमानाच्या सरळ रेषेत सुमारे ३,३०० किलोमीटर आहे. मुंबई-दिल्लीच्या जवळजवळ तिप्पट. पर्थहून आपल्या सिडनीपेक्षा जाकार्ता जवळ पडतं. चिनूच्या मैत्रिणी तर सुट्टीला बालीला जातात, साडेतीन-चार तासांत. आपल्याकडे यायचं तरी चार.

बाबा, आता तुमचा मुद्दा. तिकिटं पाहून तुम्ही व्हॉट्सॲपवर विचारलंत, "सकाळी ९ला निघून १२ला पोचता, म्हणजे तीन तास. परत मात्र ९ला निघून दुपारी ३ला. सहा तास! ड्रायव्हर जेवायला थांबवतो का?" एसटीत तीस वर्षं कंट्रोलरच्या खिडकीत बसलेल्या माणसाला हा प्रश्न पडणारच. पण घड्याळ इथे चक्क खोटं बोलतं. पर्थ आपल्या दोन तास मागे आहे (उन्हाळ्यात सिडनी घड्याळ पुढे सरकवते, तेव्हा तीन). म्हणजे प्रत्यक्षात जाताना पाच तास लागले आणि येताना चार. तुमचा हिशेब बरोबर उलटा!

आणि हा तासाभराचा फरक का, तर वर आकाशात पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो, थंडीत तर जास्तच. पर्थला जाताना तो तोंडावर येतो, येताना पाठीवर. तुमच्या भाषेत, पुण्याहून साताऱ्याला येताना खंबाटकी घाट चढायचा आणि पुण्याला जाताना बोगद्यातून सुटायचं.

खिडकीतून तासन्‌तास नुसती तांबडी जमीन. खाली कुठेतरी रेल्वेचा रूळ आहे म्हणे, सलग ४७८ किलोमीटर एकही वळण नसलेला, जगात सर्वांत लांब. आत्याला त्या गाडीत बसवलं पाहिजे. पसरणी घाटाच्या पहिल्या वळणावर लिंबू हुंगणारी बाई, तिथे तीन रात्री सुखात काढेल.

आई, एक वाईट बातमी. तू पाठवलेला महाबळेश्वरचा मध पर्थच्या विमानतळावर कचऱ्याच्या पेटीत गेला. साताऱ्याहून निघाला, सिडनीत रीतसर दाखवून सुटला, आणि देशातल्या देशात अडकला! पूर्वेकडचे मधमाश्यांचे रोग आपल्याकडे शिरू नयेत म्हणून पश्चिमवाले बाहेरचा मध आणि ताजी फळं आत येऊ देत नाहीत. जकात नाका परवडला, तिथे निदान पैसे भरून सुटका व्हायची. आमच्या ओवीने पेटीकडे बघत बराच वेळ मुसमुसून घेतलं. लाडू मात्र सुटले. चिनूने टॅक्सीतच दोन संपवले.

बाबा, परतीचं विमान वीस मिनिटं उशिरा सुटलं आणि दहा मिनिटं आधी पोचलं. तुमच्या रजिस्टरात याची नोंद कशी केली असती, ते जरूर कळवा.

तुमचा,
पम्या

ता. क. स्टीलचा डबा पर्थलाच राहिला. आई, "जाता-येता घेऊन या" म्हणू नकोस.