स्पार्टाची चाल अजून आलेली नाही

ग्रीसमध्ये सध्या शांतता आहे. ती तहामुळे आलेली नाही, स्पार्टाच्या मेहुणीचं लग्न आहे म्हणून आलेली आहे. स्पार्टा म्हणजे आमचा नाशिकचा एक मित्र. तो चाल देत नाही तोवर अथेन्सची गलबतं भर समुद्रात थिजलेली, थीब्जचे भालाईत खिंडीच्या तोंडाशी ताटकळलेले, आणि तिकडे न्यू जर्सीत कॉरिंथ अपरात्री उठून विचारतो, ‘‘अक्षता पडल्या का रे?’’

खेळाचं नाव सांगत नाही. आणखी संसार बुडायला नकोत. खेळ पाळीपाळीचा आहे. चोवीस तासांत प्रत्येकाने आपले हुकूम गुपचूप लिहून द्यायचे, सगळ्यांचे आले की यंत्र ते एकदम उघडतं, आणि कोण कुणाच्या उरावर बसला ते कळतं. ही रीत जुनीच. अॅलन कॅल्हॅमर या अमेरिकन गृहस्थाने 1959 साली ‘डिप्लोमसी’ नावाचा पटावरचा खेळ बाजारात आणला, त्यात फासे नाहीत, नशीब नाही. गोड बोलायचं, शब्द द्यायचा आणि कागदावर भलतंच लिहायचं. पुढे लोक तो टपालाने खेळू लागले. तेव्हा एका विश्वासघाताला पोस्टाचं तिकीट लागायचं आणि आठवडाभर वाट बघावी लागायची. आता विश्वासघात फुकट झाला आहे. वाट बघणं मात्र तेवढंच राहिलं.

शहाणे लोक विचारतात, लढाई कधी पाळीपाळीने होते का? होते की. इ.स.पू. 490 मध्ये मॅरेथॉनच्या मैदानावर अथेन्सचे दहा सेनापती जमले होते आणि सेनापतिपद रोज एकाकडे जायचं, असं हेरोडोटस सांगतो. लढावं की नाही यावर पाच विरुद्ध पाच अशी मतं पडली. अकरावं मत युद्धप्रमुख कॅलिमॅकसचं. त्याला दहांपैकी एका सेनापतीने, मिल्टियाडीसने, वळवलं. मग लढू इच्छिणाऱ्या सेनापतींनी आपापले दिवसही मिल्टियाडीसला देऊन टाकले. तरी हा पठ्ठ्या थांबला, स्वतःचा दिवस उजाडेपर्यंत. समोर अख्खा पर्शिया उभा, पण पाळी म्हणजे पाळी! आमच्या ग्रूपमध्ये दुसऱ्याची पाळी एवढी मानणारा एकही नाही. स्वतःची पाळी विसरणारे मात्र भरपूर आहेत.

आणि त्यात स्पार्टाला दोष कसा द्यावा? गादी घेतली तर गादीची परंपराही चालवावी लागते. मॅरेथॉनच्या आधी अथेन्सने मदत मागायला एक धावपटू पिटाळला. सुमारे 240 किलोमीटरचं अंतर तोडून तो दुसऱ्या दिवशी स्पार्टात हजर. स्पार्टाने सांगितलं, मदत करायची फार इच्छा आहे हो, पण आज नवमी. पौर्णिमेशिवाय आम्हाला निघता येत नाही. पौर्णिमा झाली, दोन हजार स्पार्टन तिसऱ्या दिवशी धापा टाकत पोचले, तोवर लढाई आटोपलेली. त्यांनी पर्शियनांची प्रेतं बघायची इच्छा व्यक्त केली, बघितली, अथेन्सवाल्यांना शाबासकी दिली आणि घरी गेले. आमचा स्पार्टाही हेच करतो. लढाई संपल्यावर उगवतो, नकाशा न्याहाळतो, वर केलेला अंगठा पाठवतो.

दहा वर्षांनी थर्मोपिलीला पर्शियनांना अडवायला तीनशेच स्पार्टन गेले, कारण बाकीच्यांचा कार्निया सण चालू होता. पण या कलेचा कळस झाला तो इ.स.पू. 479 मध्ये. पर्शियन पुन्हा अथेन्समध्ये घुसलेले, अथेन्सचे वकील स्पार्टाच्या दारात, आणि स्पार्टात हायकिंथिया नावाचा उत्सव. उत्तर उद्या देतो, म्हणाले. उद्या झाल्यावर परवा. असे दहा दिवस काढले. या दहा दिवसांत स्पार्टा आणि त्याचे मित्र काय करत होते? कॉरिंथच्या संयोगभूमीवर भिंत बांधत होते, म्हणजे अथेन्स बुडालं तरी आपण सुखरूप. हे वाचल्यापासून नाशिकहून ‘घरी सत्यनारायण आहे’ असा निरोप आला की मी आधी त्याच्या सरहद्दीवर नवं बांधकाम दिसतंय का ते बघतो. बहुतेक वेळा दिसतं. प्रसादही मिळत नाही तो नाहीच.

इतिहासातल्या स्पार्टाला एका वेळी दोन राजे असत. नाशिकलाही तशीच सोय आहे. दुसरे राजे म्हणजे त्याचे वडील. वायफायचं बिल ते भरतात.

अथेन्स मात्र कधी चाल चुकवत नाही. अथेन्स पुण्यात एका आयटी कंपनीत मॅनेजर आहे आणि लोकशाहीवर त्याचा गाढ विश्वास आहे, म्हणजे बैठक तो घेतो, विषय तो ठरवतो, इतिवृत्त तो लिहितो आणि ‘सर्वांच्या संमतीने’ हे शब्द त्यात आधीच टाकलेले असतात. पर्शियाच्या भीतीने आम्ही बेटावाल्यांचा एक संघ काढला. मी आर्गोस, मी लांबूनच नमस्कार केला, कारण खऱ्या आर्गोसनेही पर्शियाच्या युद्धात कुणाचीच बाजू घेतली नव्हती आणि मी परंपरेचा पाईक आहे. बाकीच्यांनी पैसे भरले. पहिल्या काही चाली खजिना डेलोस बेटावर होता. मग अथेन्सचा निरोप आला, ‘‘मित्रहो, सुरक्षिततेच्या कारणास्तव निधी मध्यवर्ती ठिकाणी हलवत आहोत.’’ मध्यवर्ती ठिकाण म्हणजे अर्थातच अथेन्स. दोन चालींनी त्याच्या टेकडीवर एक संगमरवरी देऊळ झळकायला लागलं. निधीचा आणि देवळाचा संबंध जोडणाऱ्याला त्याने ‘नकारात्मक’ म्हटलं.

आता यात त्याचं स्वतःचं काय? काहीच नाही. डेलोसचा संघ इ.स.पू. 478 मध्ये पर्शियाविरुद्ध निघाला, खजिना अपोलोच्या बेटावर ठेवला, आणि 454 मध्ये तो सुरक्षिततेसाठी अथेन्सला आला. वर्गणीचा साठावा भाग अथीना देवीला जायचा आणि त्याच्या याद्या चक्क दगडावर कोरून ठेवल्या आहेत. वर्गणीचा हिशेब दगडावर कोरणारा खजिनदार मी तरी दुसरा पाहिलेला नाही. 447 मध्ये पार्थेनॉनचं काम निघालं. मित्रांचा पैसा लढाईसाठी दिला होता, देवळांसाठी नव्हे, असा आरडाओरडा पेरिक्लीसच्या विरोधकांनी तेव्हाच केला. त्यावर पेरिक्लीसचं म्हणणं असं की आम्ही तुमचं रक्षण करतो आहोत ना, मग पैशाचं काय केलं हे विचारायचं नाही. वाचकांनी इथे मुंबईतल्या किंवा दिल्लीतल्या कुठल्याही आघाडीचा, युतीचा किंवा तिजोरीचा संदर्भ शोधू नये. शोधला तर सापडेल, आणि मग पुढच्या आठवड्यापासून मला या सदरात कुंडीतल्या भाज्यांवर लिहावं लागेल.

संघातून बाहेर पडणारं पहिलं राज्य नाक्सोस. आमचा नाक्सोस हा अथेन्सचा सख्खा भाचा, बारावीला आहे.

‘‘मामा, मला आता खेळायला वेळ नाही रे. मी संघ सोडू?’’

‘‘सोड की, बाळा. संघ काय जबरदस्तीचा आहे का?’’

दुसऱ्या दिवशी मामाची गलबतं भाच्याच्या बंदरात उभी. भाच्याने आईकडे तक्रार नेली, आईने भावाला फोन केला, भाऊ म्हणाला, ‘‘ताई, हे परराष्ट्र धोरण आहे, तू यात पडू नकोस.’’ इतिहासातल्या नाक्सोसलाही वेढा घालून संघात परत आणलं होतं. निदान त्यांची दिवाळीत गाठ पडायची नव्हती.

तहांबद्दल फार लिहीत नाही, कारण तह फार टिकत नाहीत. अथेन्स आणि स्पार्टाने तीस वर्षांचा तह केला, तो चौदा वर्षं चालला. मग दहा वर्षं लढून 421 मध्ये पन्नास वर्षांचा केला. तो सातव्या वर्षापर्यंत कसाबसा ओढला. मुदत वाढवली की टिकाऊपणा कमी होतो, असं गणित दिसतं. आमच्या खेळात मुदतीच्या यादीत शेवटचा पर्याय ‘कायमचा’ असा आहे. कुणी तो निवडला की मी लगेच तटबंदीला माणसं लावतो.

थीब्जची गोष्ट वेगळी. तो डोंबिवलीचा. चाली देतो त्या लोकलमध्ये, एका हाताने वरची कडी धरून, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने. ठाण्याला चढणाऱ्यांचा लोंढा आला, धक्का बसला, अंगठा घसरला, आणि त्याची सगळी फौज बाजूच्या मित्रराज्यावर चालून गेली. बिचारा ग्रूपवर हात जोडून उभा राहिला, की चाल परत घेऊ द्या. यावर अथेन्सने अडीच मिनिटांचा आवाजी संदेश पाठवला. सार असं की एकदा दिलेला हुकूम मागे घेणं हे ग्रीक संस्कृतीत बसत नाही.

बसतं, अगदी व्यवस्थित बसतं! इ.स.पू. 427 मध्ये लेस्बोस बेटावरच्या मिटिलिनीने बंड केलं. अथेन्सच्या सभेने रागाच्या भरात ठराव केला, की तिथले सगळे पुरुष मारा, बायकामुलांना गुलाम करा, आणि हुकूम घेऊन गलबत सोडलं. रात्री झोप लागली नाही की काय, दुसऱ्या दिवशी पुन्हा सभा भरली. क्लिऑन म्हणाला, ठराव बदलाल तर राज्य कसं चालवाल? डायोडोटस म्हणाला, मारून फायदा काय? थोडक्या मतांनी ठराव फिरला आणि दुसरं गलबत पहिल्याच्या मागे सुटलं. पहिलं जवळजवळ एक दिवस-रात्र पुढे होतं. दुसऱ्यावरचे वल्हेकरी दारूतेलात कालवलेलं सातूचं पीठ वल्ही मारता मारताच खात होते, झोपत होते तेही पाळीपाळीने. पहिल्यावरच्यांना असल्या कामाची घाई नव्हती, म्हणून ते रमतगमत गेले. दुसरं पोचलं तेव्हा हुकूम नुकताच वाचून झाला होता. गाव वाचलं. बंडाचे पुढारी वाचले नाहीत. सभेची दयाही बेताचीच असते. हे सगळं मी थीब्जच्या वतीने ग्रूपवर टाकलं. अथेन्सने उत्तर दिलं, ‘‘खूप माहितीपूर्ण.’’ चाल परत मिळाली नाही.

आणि कॉरिंथ? त्याला असल्या वादात रस नाही. तो डॉलरमध्ये कमावतो. या खेळात सोन्याच्या थैल्या खऱ्या पैशाने विकत मिळतात. आम्ही इकडे चांदीची एक खाण मिळवायला रात्र रात्र डोकं चालवायचं, आणि याने कॉफीच्या पैशात तीस गलबतं उतरवायची. एका गलबतावर 170 वल्हेकरी, सगळे क्रेडिट कार्डावर. तक्रार केली तर म्हणतो, इतिहास वाचा. दुर्दैवाने वाचला. सत्तावीस वर्षांच्या अथेन्स-स्पार्टा युद्धाचा निकाल शेवटी पर्शियाच्या पैशानेच लागला. धाकट्या सायरसने स्पार्टाच्या लायसँडरला पैसा पुरवला, वल्हेकऱ्यांची रोजची मजुरी तीन ओबोलवरून चार झाली आणि अथेन्सचे वल्हेकरी पलीकडे जाऊन बसायला लागले. पुढे स्पार्टाच्या राजाला आशियातून माघारी फिरावं लागलं, तेव्हा तो म्हणाला की मला पर्शियाच्या तिरंदाजांनी हाकललं. पर्शियाच्या नाण्यावर तिरंदाज असायचा.

या अवस्थेत कुणीतरी शिस्त लावायला हवी होती. ते काम मी घेतलं. रोज सकाळी सातला ‘सुप्रभात. चाल द्या.’ हा निरोप. दुपारी आठवण. रात्री कुणाची बाकी आहे त्यांची नावं. कुणी विचारणारच, यात चुकलं काय? काहीच नाही, आणि तेच ग्रूपला खुपलं. नको असलेल्या माणसाचं नाव मडक्याच्या खापरीवर खरडायचं, सहा हजार खापऱ्या जमल्या की त्याला दहा वर्षं हद्दपार करायचं, अशी अथेन्सची एक लोकशाही सोय होती. निकियास आणि अल्किबियाडीस या दोघांपैकी एक जण जाणार असं सगळे धरून चालले असताना दोघांनी आतून हातमिळवणी केली आणि हायपरबोलस नावाच्या तिसऱ्यालाच घालवलं. आमच्याकडे गेल्या महिन्यात अथेन्स आणि स्पार्टा एकमेकांना दगाबाज म्हणत होते. परवा दोघांनी मिळून ग्रूपवर मतदान लावलं. प्रश्न एकच: आर्गोसला विश्रांती द्यावी का?

मतं पाच मिनिटांत पडली. ज्या स्पार्टाची चाल आठवडाभर येत नाही त्याचं मत सगळ्यात आधी. कॉरिंथ, थीब्ज आणि नाक्सोस यांच्या मतांखालचा मजकूर शब्दश: सारखा होता, शुद्धलेखनाच्या चुकांसकट. अथेन्सच्या अॅक्रोपोलिसजवळ एका विहिरीत 190 खापऱ्या सापडल्या आहेत, सगळ्यांवर थेमिस्टोक्लीसचं नाव आणि अक्षर मात्र चौदा-एक हातांचं. आदल्या दिवशी बसून तयार ठेवलेली मतं. आमच्याकडे चौदा हातही लागले नाहीत.

अथेन्सच्या हद्दपाराची मालमत्ता तरी त्याचीच राहायची. ग्रूपच्या नियमात तशी तरतूद नाही. माझे मळे कॉरिंथने उचलले, तेही उधारीवर. पण मी थेमिस्टोक्लीसचा पुढचा प्रवास वाचून ठेवला आहे. हद्दपार झाल्यावर तो आधी आर्गोसला राहिला आणि तिथूनही उठावं लागलं तेव्हा थेट पर्शियाच्या राजाकडे गेला. ज्याचं आरमार याने सॅलमिसला बुडवलं त्याचाच मुलगा गादीवर होता. त्याने याला तीन गावं तोडून दिली: मॅग्नेशिया भाकरीसाठी, लॅम्प्सॅकस दारूसाठी आणि म्युस कालवणासाठी. आमच्या खेळात पर्शिया आजवर यंत्र चालवत होतं. ती जागा माणसाला द्यावी, असा अर्ज मी खेळ मांडणाऱ्या मित्राकडे केला आहे. भाकरी आणि दारूला त्याची हरकत नाही. कालवणावर बोलणी अडली आहेत, कारण म्युस सध्या अथेन्सच्या संघात आहे आणि अथेन्स म्हणतो, त्यासाठी बैठक घ्यावी लागेल.