कोंबड्यांचे राजवैद्य

तंजावरच्या राजवाड्यामागच्या गल्ल्यांत ज्या मराठा घरांच्या परसात अजून चार कोंबड्या फिरतात, तिथे हाकेच्या अंतरावर एक राजवैद्यही असतोच. तो निवृत्त असतो. कशातून, ते महत्त्वाचं नाही. नावापुढे 'राव', कमरेला वेष्टी, खिशात हळदीची पुडी. कोंबडीशी तो तमिळमध्ये बोलतो आणि मालकिणीला मराठीत झापतो.

त्याची पदवी वंशपरंपरागत. "सरफोजी महाराजांनी धन्वंतरी महाल काढला तेव्हा आमचे खापरपणजोबा तिथे होते," हे पहिल्याच भेटीत ऐकावं लागतं. तिथे ते काय करत होते, हे विचारायचं नसतं. सरफोजी राजे (गादीवर १७९८ ते १८३२) खरोखरीचे व्यासंगी. डोळ्यांच्या रोग्यांच्या नोंदी त्यांनी चित्रांसकट करून घेतल्या. सरस्वती महाल ग्रंथालयात हत्तींवर, घोड्यांवर सचित्र पोथ्या आहेत. "कोंबडीचं तेवढं राहून गेलं," असं राव खेदाने म्हणतो, आणि ती उणीव भरून काढायलाच आपण जन्मलो हे ऐकणाऱ्याला समजून घ्यावं लागतं.

"मामा, परवापासनं ही पाय टेकत नाही हो," असा निरोप गेला की स्वारी येते. कोंबडीकडे मात्र बघत नाही. आधी घराची तपासणी. खुराडं हलवलं का? सून माहेरी गेली का? रेशनचा तांदूळ कधीपासून घालता? घरातली सगळी भांडणं अंगणात आली की मग रोग्याला बोलावणं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, ते असं.

पण कोंबडी एकदा हातात आली की माणूस बदलतो. पंख अंगाशी दाबून तो तिला काखेत धरतो. छातीचं हाड चाचपतो. टोकदार लागलं तर दुखणं जुनं. तुरा फिका आहे की निळसर, ते बघतो. गळ्याखालची पिशवी दाबतो. रात्रभर उपाशी राहिलेल्या कोंबडीची ती सकाळी रिकामी हवी, मळलेल्या कणकेसारखी लागली तर आत काहीतरी अडकलंय. शेपटीखालची पिसं उचलतो. सर्वांत शेवटी तळवा उलटा करतो, आणि तिथे असते गोल, काळी खपली, भोवती सूज. इथला खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. ओल्या चिखलात काटा लागतो, उंच बांबूवरून फरशीवर उडी मारून तळवा चिरतो, जखमेत जंतू शिरतात. कोमट मिठाच्या पाण्यात पाय भिजवून तो मऊ झालेली खपली सोडवतो, हळद भरतो, पट्टी बांधतो. "बांबू खाली आणा, खाली भाताचा पेंढा पसरा." इतका शहाणा सल्ला तो अगदी पुटपुटत देतो, कारण त्यात त्याला काही मोठेपणा वाटत नाही.

मोठेपणा हवा तर रोग मोठा हवा. एक पाय पुढे, एक मागे ताणून पडलेली तलंग दिसली की तो उजळतो. "मारेक!" हंगेरीच्या योझेफ मारेक या पशुवैद्याने १९०७ साली या लकव्याचं वर्णन केलं, हे तो मारेक आपला चुलतसासरा असल्याच्या थाटात सांगतो. यावर औषध नाही, अंड्यातून निघाल्या दिवशी लस टोचली तरच बचाव, हेही सांगतो. आणि मग औषध देतोच. अशा रोग्यांबद्दल पुढे तक्रार ऐकू येत नाही.

मानमोडीपुढे मात्र त्याची मात्रा चालत नाही. हिरवी पातळ शी, पिळलेली मान दिसली की तोंडातून सरफोजीसुद्धा निघत नाही. मेलेली खाऊ नका, चुना टाकून खोल पुरा, आणि उरलेल्या निरोग्यांना सरकारी दवाखान्यात न्या. पिल्लांना पहिल्या आठवड्यात लासोटा लसीचे थेंब डोळ्यात किंवा नाकात, आठव्या आठवड्याच्या सुमाराला पंखाखाली सुई. हे वेळापत्रक त्याला पाठ आहे, फक्त स्वतःच्या कोंबड्यांच्या बाबतीत आठवत नाही. त्यांना जिरं, मिरी, लसूण आणि भुईआवळ्याच्या गोळ्या. तमिळनाडूच्या पशुवैद्यक विद्यापीठाने तंजावरच्या केंद्रात अशा घरगुती औषधांवर खरंच काम केलं आहे, तेव्हापासून राव कुणाच्या बापाचं ऐकत नाही.

त्याची हुकमी केस खुडूक कोंबडीची. नव्याने कोंबड्या पाळणाऱ्या घरात ती पिसं फुगवून कोपऱ्यात बसते, दाण्याला शिवत नाही, जवळ गेलं की गुरगुरते. राव येतो, लांबूनच मान हलवतो. "अंतर्गत ज्वर. जागची हलवू नका. दाणापाणी तिथेच ठेवा. एकवीस दिवस पथ्य." घर काळजीत. एकविसाव्या दिवशी पोटाखालून पिल्लं डोकावू लागतात. "गुण आला," राव म्हणतो आणि त्यांतली दोन धडधाकट बघून फीपोटी वेष्टीच्या ओच्यात घालतो.