परग्रहावरचे कंत्राटदार

जुन्या माहितीपटांत विविधता नसते, अशी हल्ली ओरड असते. ओरडणाऱ्यांनी १९७० सालचा 'चॅरिअट्स ऑफ द गॉड्स' जरूर बघावा. एरिक फॉन डॅनिकेनच्या पुस्तकावरून काढलेला हा जर्मन माहितीपट ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोचला होता. त्यात इजिप्त आहे, मेक्सिको आहे, पेरू आहे, पार तिकडचं ईस्टर बेटसुद्धा आहे. सगळ्या खंडांना मानाने पुढे बसवलंय. अट एकच, आपल्या पूर्वजांनी काही बांधलं असं कुणी म्हणायचं नाही. ते कंत्राट वरून, तबकडीतून आलेल्यांचं.

दिग्दर्शक हाराल्ड राइन्ल या कामात मुरलेले. त्यांच्या 'विनेटू' चित्रपटांत अपाची सरदार झाला होता पिएर ब्रिस हा फ्रेंच नट. ज्यांना अपाचीच्या भूमिकेला अपाची मिळाला नाही, त्यांना पिरॅमिडच्या कामावर इजिप्शियन गवंडी कुठून मिळणार?

मेक्सिकोतल्या पालेंकेची शवपेटी घ्या. माया राजा पाकाल ६८३ साली वारला, त्याच्या पेटीचं हे झाकण. त्यावर राजा मागे रेललेला, खाली पाताळाचा जबडा, वर विश्ववृक्ष आणि त्याच्या शेंड्यावर पक्षी. डॅनिकेनना हे झालं यान, आणि राजा झाला वैमानिक. आता हा वैमानिक अनवाणी आहे. गळ्यात मणी, कमरेला जाळीचं वस्त्र, असा नटूनथटून निघालाय. पेटीच्या बाजूंवर त्याच्या आईबापांसकट पूर्वज नावांनिशी कोरलेत. पण एवढी वंशावळ वाचण्यापेक्षा रॉकेट बघणं सोपं.

ईस्टर बेटाची गंमत तर औरच. पुस्तक आलं १९६८ साली. त्याच्या दहा-बारा वर्षं आधीच तिथल्या बारा जणांनी थोर हेयरडाल या नॉर्वेजियन संशोधकाच्या डोळ्यांदेखत ओंडक्यांची तरफ करून, खाली दगड सारत सारत, आडवा पडलेला मोआई, म्हणजे तिथला अवाढव्य दगडी पुतळा, अठरा दिवसांत उभा करून दाखवला होता. भलतेच आगाऊ लोक! आपल्याला हे जमत नाही, एवढंही त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

कोलोनच्या कॅथेड्रलवर मात्र असला संशय नाही. ते १२४८ साली सुरू झालं आणि १८८० साली संपलं, म्हणजे काम शंभर टक्के स्थानिकच.

आपणही यात मागे राहिलो नाही. सुरेशचंद्र नाडकर्णींचं 'पृथ्वीवर माणूस उपराच' घरोघरी वाचलं गेलं. आता मोबाइलवर वेरूळचं कैलास लेणंही परग्रहवाल्यांच्या खात्यावर जमा होतंय. एवढा डोंगर वरून खाली कोरत आणायचा म्हणजे लेसरच हवा म्हणे! भिंतींवर छिन्नीचे घाव दिसतात, पण ते बघायला व्हिडिओ बंद करावा लागतो.

राष्ट्रकूट कृष्णराजाच्या या देवळाचं वर्णन बडोद्याच्या ताम्रपटात आहे, ८१२च्या सुमाराच्या. त्यात आकाशातून विमानांनी जाणारे देव हे देऊळ बघून थक्क होतात, आणि खुद्द कारागीरही हे आपल्या हातून झालं कसं म्हणून चकित होतो. थोडक्यात, वरून आलेले होते, पण बघ्यांत. यावरही लवकरच व्हिडिओ येईल: 'ताम्रपटात सापडली विमानं!' कारागिराचं वाक्य तेवढं कापून.